तोंडावरून माशाचं काम ओळखता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएससीच्या प्रोजेक्टसाठी कोकणपट्टीवरच्या चाळीसेक जातींचे ट्रेट्स, म्हणजे लांबी, तोंडाची फाक, कल्ल्यांची रचना, आतड्याची लांबी, राहायची खोली वगैरे डेटाबेसमधून गोळा केलेत, आणि गाइड म्हणतात की आता यावरून प्रत्येक माशाची फूड वेबमधली, म्हणजे कोण कोणाला खातं या जाळ्यातली, जागा काढा. तर पोटं फाडायची गरज आहे का, की ट्रेट्सवर भागेल?

मी बावीस वर्षं बंदरावर बसून माशांची पोटं फाडतोय, त्यामुळे माझं उत्तर थोडं एकतर्फी असणार हे आधीच सांगतो. एका ओळीत हवं असेल तर, तोंड बघून मासा काय खाऊ शकतो ते कळतं, तो काय काम करतो ते कळत नाही. या दोन गोष्टींमधलं अंतर कुठे कमी असतं नि कुठे भयंकर वाढतं ते कळलं की तुमचा प्रोजेक्ट झाला समजा. बाकी सगळं खाली पसरून लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी ट्रेट्सच्या बाजूने बोलतो, कारण ते निरुपयोगी आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. उद्या सकाळी बाजारात जा आणि एक तारली, एक बांगडा, एक सुरमई नि एक बोय अशी चार मासे घेऊन या. तारलीचं कल्ल्याचं झाकण उचला, आत बघा, लाल कल्ल्याच्या पुढच्या बाजूला एकदम दाट बारीक कंगवा दिसेल, त्याला गिल रेकर म्हणतात. पाणी तोंडातून येतं नि कल्ल्यातून जातं, आणि जाताना जे काही बारीक असेल ते या कंगव्यात अडकतं. आता बांगड्याचं तोंड नुसतं उघडा, कल्ल्याचं झाकण उचलायचीही गरज नाही, आत पिसासारखे लांब रेकर दिसतात. तोही गाळूनच खातो, थव्याने तोंडं उघडी टाकून पोहतो, पण त्याच्या पोटात कोपेपॉडसारखे बारीक प्राणी-प्लवकही (पाण्यात तरंगत राहणारे जीव) भरपूर निघतात. सुरमई उघडली तर कंगवा जवळपास नाहीच, चार ठोकळ रेकर, आणि जबड्यात चपटे धारदार दात. आणि बोय, म्हणजे खाडीतली मुलेट, तिचं पोट हातात घेऊन दाबून बघा, कोंबडीच्या कलेजी-पेठ्यातला जो पेठा असतो ना तसं घट्ट लागेल, आणि आतडं सोडवायला गेलात तर संपतच नाही, अंगाच्या कितीतरी पट लांब. चिखलावरचा साय-शेवाळाचा थर वाळूसकट गिळायचा, दळायचा आणि त्यातून मिळेल ते काढायचं, तर एवढं आतडं लागणारच.

एवढ्यावरूनच तुम्ही चौघांना उतरंडीवर बसवू शकता आणि फारसे चुकणार नाही. फिशबेस या माशांच्या डेटाबेसवर तारलीची ट्रॉफिक लेव्हल, म्हणजे खाण्याच्या उतरंडीतली पायरी, साधारण २.४ दाखवतात, बांगड्याची ३.२ च्या आसपास, सुरमईची ४.५ पर्यंत. वनस्पती-प्लवक म्हणजे लेव्हल १. प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा ढोबळमानाने दहावा हिस्सा वर जातो असं धरलं (हा आकडा नियम नाही, अंदाज आहे, पण हिशेबाला चालतो) तर एक किलो तारलीसाठी पंचवीसेक किलो प्लवक पुरतं आणि एक किलो सुरमईसाठी तीन हजार किलोच्या वर लागतं. म्हणून तारली वाट्यावर मिळते नि सुरमईची तुकडी मोजून घ्यावी लागते. भावाचं कारण एवढंच नाही हे मलाही माहितीये, पण पाया हाच.

मग अडतं कुठे? पहिली अडचण आकाराची. सगळ्या ट्रेट्समध्ये लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास आकारावर असतो, आणि खरंय, पाण्यात हात-पाय नसतात, मासा बहुतेक वेळा भक्ष्य अख्खं गिळतो, त्यामुळे जेवढी तोंडाची फाक तेवढाच घास, आणि शिकारी भक्ष्यापेक्षा वजनाने सहसा शेकडो पट भारी निघतो. जमिनीवर लांडग्यांची टोळी मिळून मोठा प्राणी लोळवते, समुद्रात असं क्वचित. म्हणून मोठा मासा म्हणजे वरची पायरी हा ठोकताळा बऱ्यापैकी लागू पडतो. पण मग गुजरातच्या किनाऱ्यावर येणारा व्हेल शार्क बघा. जगातला सगळ्यात मोठा मासा, बारा मीटरच्याही वर वाढू शकतो, आणि खातो काय तर प्लवक, माशांची अंडी, बारीक मासे. लेव्हल साडेतीनच्या आसपास, म्हणजे हातभर लांबीच्या वाकटीपेक्षा खाली! आणि उलट्या बाजूने आपली छोटी मुशी घ्या, मुंबई-पालघरच्या जाळ्यांत ढिगाने येते ती, पाऊण मीटरच्या आतच राहते. आहे शार्क, पण तिच्या पोटात जवळा, बारके बोंबील, लहान माकूल (स्क्विड) असलं काहीतरी निघतं आणि तिला खाणारे दुसरे चार जण असतात. विद्यार्थी एक्सेलमध्ये शार्क दिसला की सरळ 'टॉप प्रिडेटर' लिहून मोकळे होतात. असं करू नका, मी परीक्षक असतो तर पहिलं तेच धरलं असतं.

दुसरी अडचण, आणि मला विचाराल तर ही जास्त मोठी, ती वयाची. डेटाबेसमध्ये एका जातीला एक ओळ असते. पण वाकटीचं पिल्लू नि वाकटीची म्हातारी हे फूड वेबच्या हिशेबात दोन वेगळे प्राणी आहेत. पिल्लं छोट्या कोळंबीवर्गीय प्राण्यांवर जगतात, मोठी झाली की मासे, माकूल आणि स्वतःचीच भावंडं. बरं नुसतं खाणं नाही, वेळापत्रकही उलटं होतं: मोठ्या वाकट्या दिवसा वरच्या पाण्यात खायला येतात नि रात्री खाली जातात, पिल्लं दिवसा खालच्या पाण्यात आणि रात्री वर. म्हणजे एकाच जातीतले दोन गट शिफ्ट ड्युटीसारखे एकमेकांना चुकवतायत, आणि वाकटी वाकटीला खाते हे माहिती असेल तर का चुकवतायत तेही कळतं. आता सांगा, 'वाकटी, मध्यम खोली, मांसाहारी' या एका ओळीतून यातलं काय दिसतं? तारलीचंही तसंच, लहानपणी प्राणी-प्लवकाचा वाटा जास्त, वाढत जाईल तसे रेकर दाट होतात आणि डायटमवर, म्हणजे एकपेशी वनस्पती-प्लवकावर, भर येतो. म्हणून माझा हट्ट असतो की जातीऐवजी किमान दोन-तीन आकारगट करा आणि प्रत्येकाला वेगळा नोड (जाळ्यातला ठिपका) द्या. काम दुप्पट होतं, पण खरं काहीतरी हातात येतं.

आता बोंबलाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण एकतर तो माझा आवडता (ताटातही आणि टेबलावरही) आणि दुसरं म्हणजे ट्रेट आणि काम यांचं नातं त्याच्याइतकं छान कुठेच दिसत नाही. बोंबील हातात धरलात तर ओल्या फडक्यासारखा लोंबतो, अंगात जवळपास नव्वद टक्के पाणी, स्नायू नावाला. पण तोंड उघडून बघा. फाक डोळ्यांच्या बरीच मागे जाते, आणि दात बारीक, आत वळलेले, आतल्या बाजूला दबणारे. घास आत जाऊ शकतो, बाहेर येऊ शकत नाही. म्हणजे हा पाठलाग करणारा मासा नाही, सुरमईसारखं इंजिन त्याच्याकडे नाहीच. स्वस्तातलं शरीर आणि महागडा सापळा, असं मी पोरांना सांगतो. असं शरीर घेऊन जगायचं तर भक्ष्य एवढं मुबलक पाहिजे की पळायला लागू नये. आणि ते मुबलक भक्ष्य म्हणजे जवळा.

जवळा आपण सुकवतो, चटणी करतो नि विसरतो. दोन-तीन सेंटिमीटरचा जीव, पण मुंबई-पालघरपासून खंभातच्या आखातापर्यंतचं अख्खं फूड वेब त्याच्यावर टांगलेलं आहे असं म्हटलं तरी चालेल. तिथला भूगोल बघा ना. गुजरात-उत्तर महाराष्ट्रासमोर उथळ समुद्राचा पट्टा भारताच्या किनाऱ्यावर सगळ्यात रुंद, मुंबईला उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढतं, खंभातच्या आखातात त्याच्या दुप्पट, नद्या नि खाड्या गाळ ओततात, पाणी कायम गढूळ. गढूळ पाण्यात ऊन आत जात नाही, प्लवकाला मर्यादा येते, पण कुजका पालापाचोळा, कांदळवनातला कचरा, त्यावरचे बॅक्टेरिया हे सगळं भरपूर. हे खाऊन त्याचं मांस करायचं काम जवळा करतो. आणि मग त्याच्यावर बोंबील, मांदेली, ढोमा, ती छोटी मुशी, आणि त्यांच्यावर घोळ, मोठी वाम, कानमुशी (हातोड्यासारख्या डोक्याची शार्क). याच गोष्टीवर डोल जाळं उभं आहे: भरतीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून गाडलेलं पिशवीसारखं जाळं, म्हणजे कोळ्यांनी बनवलेला मोठा बोंबीलच म्हणा ना. उधाणाला भरतं नि भांगाला, म्हणजे पाण्याची ओढ मंद असते तेव्हा, रिकामं येतं.

आता त्याच जवळ्याच्या ट्रेट्सकडे बघा: बारीक, अल्पायुषी, भराभर पिल्लं देणारा, थव्याने राहणारा, काहीही खाणारा. डेटाबेसमध्ये हा असा एक ठिपका आहे की क्लस्टर अॅनालिसिस (सारख्या ट्रेट्सच्या जातींचे गट पाडणं) केलंत तर दहा-बारा इतर बारीक कोळंब्यांसोबत एकाच गटात जाऊन पडेल. गट बरोबर आहे. पण त्यातली दुसरी कुठली करंदी नाहीशी झाली तर कोणाचं फार बिघडणार नाही, आणि जवळा गेला तर बोंबील उपाशी. फरक त्याच्या अंगात नाही, त्याच्यावर किती जण अवलंबून आहेत त्यात आहे. हे ट्रेटच्या तक्त्यात येत नाही, नात्यांच्या तक्त्यात येतं.

हीच गोष्ट रॉबर्ट पेन या इकॉलॉजिस्टने अमेरिकेत वॉशिंग्टनच्या खडकाळ किनाऱ्यावर दाखवली होती, पेपर १९६६ चा. खडकाच्या एका पट्ट्यावरून त्याने एका जातीचे तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं फेकतच राहिला. शिंपल्यांनी, म्हणजे कालवा-तिसऱ्यांच्या जातकुळीतल्या मसल्सनी, सगळी जागा बळकावली आणि पंधरा जातींच्या जागी आठ उरल्या. कीस्टोन, म्हणजे जी काढली की सगळी रचना कोसळते अशी जात, हा शब्द त्याने पुढे १९६९ ला वापरला. यात गंमत काय आहे ते बघा, नुसता तारामासा तपासलात तर तो हळू चालणारा, जे मिळेल ते उघडून खाणारा एक शिकारी. त्याच खडकावर मसल खाणारे दुसरेही होते, गोगलगायी वगैरे. पण मोठे मसल उघडायची ताकद त्याच्याकडे होती, आणि ते मसल इतरांना रेटून जागा घेणारे निघाले. तारामाशाचं महत्त्व अर्धं त्याच्या अंगात होतं नि अर्धं मसलच्या अंगात. म्हणून एकट्या जातीच्या ट्रेटवरून भूमिका काढायला गेलात की अर्धं उत्तर हातात येतं. जोडीचे ट्रेट्स घ्यावे लागतात: याची फाक नि त्याची जाडी, याची खोली नि त्याची खोली, याची वेळ नि त्याची वेळ. प्रोजेक्टमध्ये एवढं जरी केलंत, म्हणजे प्रत्येक संभाव्य जोडीला 'गाठ पडते का, तोंडात मावतो का, पचतो का' हे तीन प्रश्न विचारलेत, तरी नुसत्या लेव्हलच्या यादीपेक्षा खूप चांगलं काम होईल.

पचतो का यावरून पापलेट आठवलं. पापलेटचं तोंड एवढंसं, दात नगण्य, त्यावरून कुणीही म्हणेल हा बारीकसारीक कोपेपॉड टिपणारा मासा, आणि ते खातोच. पण पोट उघडलंत तर बहुतेक वेळा राखाडी लगदा, काहीही ओळखू येत नाही, मी सुरुवातीला वैतागून 'न ओळखता येणारं' असं लिहून पुढे जायचो. नंतर एका सिनियरनी घशामागची पिशवी कापून दाखवली, आतून सगळी काटेरी उंचवट्यांनी भरलेली. म्हणजे घास पोटात पोचायच्या आधीच किसणीवर किसला जातो. आणि किसतो काय, तर बाकीच्यांपैकी बरेच जण तोंड लावत नाहीत असले बुळबुळीत प्रकार, जेलीफिश, सॅल्प (जेलीसारखेच पारदर्शक तरंगणारे जीव). हे जीव म्हणजे जवळपास सगळं पाणीच, त्यातून पोट भरायचं तर सारखं खात राहावं लागतं. म्हणजे ज्याला महाराष्ट्राने २०२३ ला राज्यमासा केलं तो मासा एरवी वाया जाणारा जेलीचा रस्ता पुन्हा आपल्या ताटापर्यंत आणून सोडतो. बाहेरून दिसणाऱ्या एकाही ट्रेटमध्ये हे नव्हतं, आतल्या पिशवीत होतं. (आणि हलवा दिसायला पापलेटचा काळा भाऊ असला तरी नातेवाईक नाही, तो वेगळ्याच कुळातला, त्याला ही पिशवी नाही. तक्त्यात दोघांना एका ओळीत टाकू नका, टाकलेलं पाहिलंय मी.)

जेलीचा रस्ता हा विषय निघालाच आहे तर नॉक्टिल्युकाचंही सांगतो. हिवाळ्याच्या सुमारास कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात नि सगळे व्हिडिओ टाकतात, ते काम करणारा हा एकपेशी जीव. अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात त्याचा हिरवा प्रकार प्रचंड वाढतो, आणि हिरवा का, तर त्याच्या पेशीच्या आत हिरवी शेवाळं जिवंत राहतात आणि ऊन खाऊन त्याला जेवण करून देतात. वर तो स्वतः डायटम गिळतोच. म्हणजे झाडही आणि जनावरही. आता याला लेव्हल १ द्यायची का २? पण खरी भानगड लेव्हलची नाहीच. डायटम होते तेव्हा कोपेपॉड डायटम खायचे, मासे कोपेपॉड खायचे. नॉक्टिल्युका कोपेपॉडच्या तोंडात मावत नाही, त्याला खातात सॅल्प आणि जेलीफिश. जोकिम गोज आणि हेल्गा गोम्स या समुद्रशास्त्रज्ञांच्या टीमने २०१४ ला मांडलं की कमी ऑक्सिजनचं पाणी वर येणं आणि हे हिरवे फुलोरे यांचा संबंध आहे. ऑक्सिजनच्या कारणाबद्दल इतरांनी नंतर आक्षेप घेतले, तो वाद तुम्ही वाचाच, दोन्ही बाजू वाचण्यासारख्या आहेत. पण पेशीचा आकार बदलला की वरचा सगळा रस्ता जेलीकडे वळतो, हा मुद्दा ट्रेट अभ्यासणाऱ्याने डोक्यात ठेवावा असा आहे.

दक्षिणेला, म्हणजे रत्नागिरी-मालवण, गोवा, कर्नाटक, केरळ या बाजूला चित्र वेगळं. तिथे पावसाळ्यात खालचं थंड, खताने भरलेलं पाणी वर येतं, डायटम फुलतात आणि तारली-बांगडा ते गाळून खातात. केरळात १९५० च्या दशकातच लोकांच्या लक्षात आलं होतं की फ्रॅजिलारिया ओशियानिका नावाचा डायटम दिसला की तारलीचा हंगाम चांगला जातो. रस्ता आखूड, दोन पायऱ्यांत ऊन ते मासा, म्हणून मिळतं तेव्हा डोंगर मिळतो. पण आखूड रस्त्याचा तोटा पण तोच, मध्ये काही उशी नाही. केरळात २०१२ ला जवळपास ४ लाख टन तारली उतरली होती आणि २०२१ ला साडेतीन हजार टनही नाही. अर्थात एल निनो, मासेमारी, पिल्लं पकडणं यावर भरपूर चर्चा झाली, आणि तारलीचा हा लपंडाव शंभर वर्षांच्या नोंदींत आधीही दिसलाय. आता ट्रेटवाल्यांचं आवडतं वाक्य असतं की सारख्या ट्रेट्सचे मासे एकमेकांची जागा भरून काढतात. तारली गेली, बांगडा आहे, दोघांना कंगवा आहे, मग काय बिघडलं? बिघडतं असं की बांगड्याचा कंगवा नि तारलीचा कंगवा एकच गोष्ट गाळत नाहीत. बारीक डायटमवर थेट जगायची तारलीची हातोटी बांगड्याकडे तेवढी नाही, तो एक पायरी वरून खातो, म्हणजे तेवढ्याच प्लवकातून कमी वजनाचे मासे. वरून तारली तेलकट, तिला खाणाऱ्याला एका घासात जास्त कॅलरी. म्हणजे जागा भरते पण पूर्ण भरत नाही.

अजून एक ट्रेट जो लोक विसरतात तो म्हणजे हालचाल, वर-खाली. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरच्या खाली हजार मीटरपर्यंत ऑक्सिजन जवळपास नसलेला जाड थर आहे. दिवसा तिथे जाऊन लपायचं नि रात्री वर येऊन जेवायचं असं कंदीलमासे, म्हणजे बोटभर लांबीचे लँटर्नफिश, करतात. गुदमरलेल्या पाण्यात दिवसा त्यांना खायला फारसं कोणी येत नाही, कारण बहुतेक शिकाऱ्यांना तिथे श्वास जमत नाही. रात्री वर आले की मोठे स्क्विड आणि ट्यूना वाट बघत असतात. दोन माळ्यांमधला जिना म्हणजे हा मासा. ट्रॉफिक लेव्हल काढलीत तर तीनच्या जरा वर, एकदम सामान्य, बांगड्याशेजारी. पण बांगडा जिना नाही. म्हणून मी सांगतो की लेव्हल हा एक आकडा काढून थांबू नका, प्रत्येक जातीपुढे अजून एक रकाना ठेवा: ही कुठल्या दोन जागांना जोडते? तळ आणि वरचं पाणी, खाडी आणि समुद्र, रात्र आणि दिवस. बोय खाडीतल्या चिखलाला मोठ्या माशांशी जोडते. ढोमा खालच्या बाजूला वळलेल्या तोंडाने तळावरची कोळंबी उचलतो नि स्वतः घोळीच्या पोटात जातो.

शार्कबद्दल मात्र एक वेगळीच गोष्ट आहे. मोठी मुशी उशिरा वयात येते, थोडीच पिल्लं देते, वर्षानुवर्षं जगते. जे ट्रेट तिला मोठे घास खायची ताकद देतात तेच ट्रेट तिला जाळ्यापुढे कमजोर करतात. मासेमारीत मासे लॉटरीने मरत नाहीत, मोठे, हळू वाढणारे आधी संपतात, आणि नेमकं त्यांचंच काम दुसऱ्या कुणाला जमत नसतं. कानमुशीचं ते पसरट डोकं घ्या, त्याच्यावर विजेचे बारीक संकेत टिपणारे हजारो छिद्रं असतात, वाळूत गाडून बसलेलं पाकट ती वरून पोहताना शोधते. ते काम सुरमई करू शकत नाही, कितीही दात असले तरी. म्हणून ट्रेटचा तक्ता बनवताना दोन रंग करा: एक, जो दाखवतो की ही जात इतरांवर काय परिणाम करते, आणि दुसरा, ती जात धक्क्याला किती टिकते. दोन्ही रंग एकाच ओळीत गडद आले की तिथे लाल पेनाने गोल करा.

आता पोटांकडे येतो, कारण पोट फाडलं म्हणजे सत्य कळलं असं पण नाही, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. पहिल्या वर्षी मी डोल जाळ्यातल्या बोंबलांची पोटं तपासली, जवळपास प्रत्येकाच्या तोंडात नि घशात ताजा टवटवीत जवळा, मी खूश, ९० टक्के जवळा असा रिपोर्ट लिहून दिला. एका म्हाताऱ्या तांडेलांना (होडीचे कप्तान) तो वाचून दाखवल्यावर त्यांनी हसत विचारलं, अरे बाबा, खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, तासन् तास बोंबील नि जवळा एकत्र कोंबलेले असतात, तो तिथे काय उपास करेल काय? बोंबील जाळ्यात पण खात होता! तेव्हापासून नियम: तोंडात आणि घशात जे आहे ते मोजायचं नाही, फक्त पोटातलं, आणि तेही अर्धवट तरी पचलेलं असेल तरच. (जवळा नंतरही पहिल्याच नंबरला राहिला, पण बोंबलाने बोंबील खाणं, ढोम्याची पिल्लं, हे सगळं तेव्हा कुठे दिसायला लागलं.)

शिवाय पचनाचा पक्षपात असतो. जेली फार लवकर विरघळते, माकुलीची चोच नि माशाच्या कानातले खडे कितीतरी जास्त वेळ टिकतात. म्हणून नुसतं पोट बघणाऱ्याला जगात जेलीफिश कोणी खातच नाही असं वाटतं नि माकुली सगळेच खातात असं. यावर उतारा म्हणून आयसोटोप, म्हणजे स्नायूतल्या एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण, मोजतात. नायट्रोजन-१५ या जड नायट्रोजनचं प्रमाण दर पायरीला साधारण हजारी ३.४ ने वाढतं, त्यावरून लेव्हल काढता येते, आणि ती कालच्या जेवणाची नसून काही महिन्यांच्या सरासरीची असते. पण इथे आपल्या समुद्राची एक खोड आहे. त्या कमी ऑक्सिजनच्या थरात बॅक्टेरिया नायट्रेट फोडतात, हलका नायट्रोजन उडून जातो नि जड उरतो. ते पाणी पावसाळ्यात वर आलं की पायाच वर सरकतो, डायटमपासूनच सगळे जड. मग सप्टेंबरची तारली मार्चच्या तारलीपेक्षा वरच्या लेव्हलची दिसू शकते आणि प्रत्यक्षात तिने काहीच वेगळं खाल्लेलं नसतं. त्यामुळे दर हंगामाला पायाचं सॅम्पल वेगळं घ्यायचं, कालवं किंवा तिसऱ्या त्याला बऱ्या पडतात, एका जागी बसून गाळत असतात.

तर प्रोजेक्टसाठी माझं म्हणणं असं. चाळीस जातींचे ट्रेट्स ठेवा, त्यावरून कोण कोणाला खाऊ शकतं याचं संभाव्य जाळं काढा. मग त्यातल्या सहा-सातच जाती निवडा जिथे तुम्हाला ट्रेटवर शंका आहे, मी निवडल्या असत्या तर बोंबील, वाकटी दोन आकारांत, पापलेट, छोटी मुशी, बांगडा नि ढोमा, आणि फक्त त्यांची पोटं फाडा, पावसाळ्याआधी एकदा नि पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर एकदा. संभाव्य जाळं नि खरं पोट जिथे जुळत नाही तोच तुमचा थीसिसचा मुख्य चॅप्टर. गाइडना हे पटवायला थोडं जड जाईल, सगळ्यांना चाळीसच्या चाळीस ओळी भरलेल्या आवडतात.

कामाच्या बारीक गोष्टी: पहाटे उतरतात ते मासे घ्या, बर्फात दिवस काढलेला मासा पोट पचवून बसलेला असतो. आयसोटोपसाठी पाठीचा पांढरा स्नायू काढून फ्रीज करा, त्याला फॉर्मॅलिन लावू नका, आणि तारली-बांगड्यासारख्या तेलकट माशाचं तेल काढल्याशिवाय कार्बन आयसोटोपच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. पोटं फॉर्मॅलिनमध्ये, वेगळ्या डब्यात, लेबल पेन्सिलने कारण शाई धुऊन जाते. रिकाम्या पोटांचीही संख्या लिहा, फेकून देऊ नका. आणि सगळ्यात आधी तांडेलाला विचारून घ्या की जाळं कुठे, किती वावावर (खोलीवर), कोणत्या पाण्याला टाकलं होतं, उधाण की भांग, दिवसा की रात्री. चहा पाजा, तासभर बसा, विचारल्यावर सांगतात सगळं, आणि ते वहीत त्याच दिवशी उतरवा.